एकोणीस हजार आठशे

शुक्रवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, नव्या लॅबमध्ये, मागून दुसऱ्या रांगेतल्या निकिताने हात वर केला. "सर, ही फाइल मी आत्ताच सेव्ह केली. मग इथं संध्याकाळचे पाच कामून दाखवायलाय?" पोरं हसली. कुणीतरी म्हणालं की निकीची फाइल चहाच्या वेळी जन्माला येणार हाय. राजेश्वरही हसला. बावीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला वर्गाबरोबर हसण्याची सवय असते, तिला मनाची परवानगी लागत नाही. हसतहसतच तो तिच्या मशीनपाशी गेला, वाकला, आणि तिने वहीतून उतरवून घेतलेल्या प्रोग्रॅमवर बोट फिरवत ओळीमागून ओळ वाचू लागला. फाइल उघडली, ठीक. तिची शेवटची वेळ वाचली, ठीक. आणि मग ती ओळ. वेळेत एकोणीस हजार आठशे मिळवा. ती त्याचीच ओळ होती. पोरं तिला 'सरांची ओळ' म्हणत, आणि तोंडी परीक्षेत ती का घातली हे सांगणाऱ्याला तो दोन मार्क जास्त देई. साडेपाच तासांचे सेकंद. त्याचं बोट तिथेच थांबलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा बत्तीस झाले होते आणि पडद्यावर संध्याकाळचे पाच. या दोहोंमधलं अंतरही साडेपाच तासच होतं. त्याला पाच आठवले नाहीत. त्याला आठवले अकरा पन्नास, रात्रीचे, आणि ते मोठ्याने सांगणारा स्वतःचा आवाज.

तो वर्गाला काहीतरी सांगत राहिला. काय सांगितलं ते त्याला नंतर आठवेना. बहुधा खरंच सांगितलं असावं. की जुन्या लॅबमधली यंत्रं बसवणाऱ्याने त्यांचं घड्याळ ग्रीनिचवर ठेवलं होतं, म्हणून ती साडेपाच तास मागे दाखवत, म्हणून आपण ते तास हाताने मिळवत होतो. की या आठवड्यात आलेली ही नवी यंत्रं मुळातच भारताच्या वेळेवर लावलेली आहेत, साडेपाच तास ती आपले आपण मिळवतात, आणि वरून आपली ओळ पुन्हा मिळवते. "म्हंजी सर, ही ओळ चुकीचीच हाय?" निकिताने विचारलं. तिचा आवाज साधा होता, त्यात खोडी नव्हती. "त्या खोलीत बरोबर होती," तो म्हणाला. आणि म्हणतानाच त्याला कळलं की पुस्तकातला तो धडा आपण दर वर्षी गाळत आलो, परीक्षेत येत नाही म्हणून. त्या धड्यात हेच तर लिहिलं होतं. काळ कसा मोजायचा ते ज्या त्या यंत्रावर सोडलेलं आहे. तुम्ही त्यात हात घालू नका, यंत्रालाच विचारा. म्हणजे तुमचा प्रोग्रॅम कुठल्याही गावाला गेला तरी खरं बोलेल. त्याचा प्रोग्रॅम एकदाच गावाला गेला होता. लॅबमधून ऑफिसपर्यंत, जिन्याच्या सतरा पायऱ्या उतरून, त्याच्या शर्टाच्या खिशातल्या पेन ड्राइव्हमधून. ऑफिसातलं यंत्र तेव्हाही भारताच्या वेळेवरच होतं.

अडीच वर्षं झाली त्याला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या अंतर्गत गुणांची फाइल कुणीतरी बदलली होती, चौदा जणांचे गुण वाढवले होते, आणि बोभाटा झाल्यावर संस्थेने चौकशी लावली. ऑफिसात कॉम्प्युटरवर सत्यशीला बसायची. बोरीची पोर, चोवीस-पंचवीसची, गावातली पहिलीच मुलगी अशा नोकरीत लागलेली. परभणीत एका मैत्रिणीबरोबर खोली करून राहायची आणि शनिवारी गावी जायची. तिने समितीपुढे एकच गोष्ट सांगितली आणि शेवटपर्यंत तीच सांगितली. गुण तिनेच बदलले. पण संध्याकाळी सहा वीसला, प्राचार्य स्वतः शेजारी खुर्ची ओढून बसले होते आणि एकेक आकडा सांगत होते, आणि ऑफिसात तेव्हा तीन माणसं होती. प्राचार्य म्हणाले, मी बसलो होतो, पण पत्र सांगायला. तिघं जण तोंडात मिठाची गुळणी धरून उभे राहिले. तेव्हा कुणीतरी सुचवलं की फाइलमध्ये वेळ लिहिलेली असते, आपले राजेश्वर सर आहेतच की. आणि सर गेले. खाली जाऊन प्रोग्रॅम चालवला, कागद काढला, त्याखाली सही केली. फाइल शेवटची बदलली ती रात्री अकरा पन्नासला. ऑफिसची एक किल्ली सत्यशीलेकडे होती. खोलीतली मैत्रीण त्या आठवड्यात गावी गेली होती, म्हणजे ती रात्री कुठे होती हे सांगणारं कुणी नव्हतं. समितीचं काम दहा मिनिटांत संपलं, सत्यशीलेची नोकरी गेली. समितीतल्या एका सभासदाने त्याच्या पाठीवर थापही मारली होती, ती त्याला आता खांद्याच्या खाली नेमकी त्या जागी जाणवली.

तास सुटल्यावर त्याने कपाट उघडलं. तो पेन ड्राइव्ह तिथेच होता, खडूच्या खोक्यात, ऑफिसातल्या गुणांच्या फोल्डरच्या प्रतीसह. हे राजेश्वरचं एक होतं, तो काही टाकून देत नसे. रिकाम्या लॅबमध्ये बसून त्याने ती ओळ पुसली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. सहा वीस. त्याने तो पाच वेळा चालवला. यंत्राला कंटाळा येत नाही, ते पाचही वेळा सहा वीसच म्हणालं. मग त्याने हात मांडीवर ठेवले, आणि तेव्हा त्याला ते आठवलं जे न आठवण्यासाठीच बहुतेक त्याने पाच वेळा चालवलं होतं. त्या दिवशी ऑफिसातल्या मशीनवर फोल्डर उघडल्यावर फाइलच्या नावापुढे बारीक अक्षरांत वेळ दिसत होती. सहा वीस. त्याने ती पाहिली होती. पाहून क्षणभर थांबलाही होता. मग मनाशी म्हणाला होता, ही खिडकी वरवरचं दाखवते, आपण आत जाऊन विचारलंय. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या बारा ओळींवर त्याचा तेवढा विश्वास होता. आणि बाहेर प्राचार्य येरझाऱ्या घालत होते, हेही होतं. कुठलं जास्त होतं ते आता त्याला ठरवता येईना. चूक झाली असं म्हणून सुटता आलं असतं, तर त्याने तिथेच बाकावर डोकं ठेवून रडून घेतलं असतं. पण पाहिलेलं होतं. व्हरांड्यात तिने त्याला गाठलंही होतं. "सर, तुमी एकदा परत बघताव का? माज्यासाठी?" आणि तो म्हणाला होता, "बाई, यंत्र खोटं बोलत नसतं." बाई म्हणाला होता, त्याच्या निम्म्या वयाच्या पोरीला.

आणि तिचा बाप. तो उंच माणूस, योगीराज, चौकशीच्या निकालाच्या दिवशी बोरीहून आला होता. धुतलेलं धोतर, बगलेत छत्री. त्याला ऐकायला कमी येत असावं, कारण तो हात कानामागे धरून सगळ्यांना तेच विचारत होता, आणि सगळे त्याला दुसऱ्याकडे पाठवत होते. शेवटी तो राजेश्वरपाशी आला. "साहेब, किती वाजता म्हन्लाव?" राजेश्वरने सांगितलं. "किती?" व्हरांडा भरलेला होता, पोरं, शिपाई, फी भरायला आलेले पालक. राजेश्वरने आवाज चढवला. "रात्री अकरा पन्नास!" त्यासरशी व्हरांड्यातली सगळी तोंडं वळली. म्हाताऱ्याने हात कानामागून काढला, सावकाश, आणि छत्री या बगलेतून त्या बगलेत घेतली. गुणांचं काय झालं हे महिन्याभरात लोक विसरले. पण अकरा पन्नास कुणी विसरलं नाही. एवढ्या रात्री कॉलेजात काय करत होती? आणि एकटी कशावरून होती? हे प्रश्न जिंतूर रस्त्याने बोरीला पोचायला एक दिवसही लागला नाही. तिचं ठरलेलं लग्न मोडलं हे त्याने स्टाफरूममध्ये ऐकलं होतं, डबा खाताना. कोणीतरी म्हणालं, आणि कोणीतरी लोणचं पुढे केलं, आणि त्याने ते घेतलं.

दुपारी तो घरी आला तेव्हा अनुपमा गच्चीवरून वाळवण काढत होती. त्याने तिला जिन्यातच सगळं सांगितलं, चपलाही न काढता. अनुपमा त्याची बायको, एका शाळेत गणित शिकवते. साडेपाच तासांची बेरीज तिला दोनदा सांगावी लागली नाही. ती सुपात हात घालून उभी राहिली. "मग आता काय करायलाव तुमी?" "लिहून देतो. चूक झाली म्हणून." "आणि तुमचं विभागप्रमुखाचं? पुढच्या महिन्यात मुलाखत हाय." तो चपला काढू लागला. "ते प्राचार्य रिटायर होऊन, शाल-नारळ घेऊन घरी बसलेत. तुमी एकटेच सापडायलाव. आणि त्या पोरीचं आता काय परत येनार हाय? गाव विसरलं असंल. तुमी जाऊन पुन्ना उकरनार." ती वाईट बाई नव्हती. ती त्याच्यासाठी भीत होती, आणि भीतीत माणूस शहाणं बोलतो. तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ती वाक्यं त्याला नको झाली.

कारण हे त्याने आधी ऐकलेलं होतं, दुसऱ्या तोंडून. सेलूला जिनिंगच्या कारखान्यात त्याचे वडील, सांबप्पा, भोंगा वाजवत. सकाळी सात, दुपारी बारा, एक, संध्याकाळी सहा. सगळं सेलू त्या भोंग्यावर उठायचं, जेवायचं, पोरांना शाळेत पिटाळायचं. सरकी आणि तेलाच्या वासाच्या त्या छोट्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ होतं, आणि दहा वर्षांच्या राजेश्वरने एकदा रेडिओच्या टिकटिकीवर स्वतःचं नवं मनगटी घड्याळ लावून ते त्याच्याशी ताडून पाहिलं. सात मिनिटं पुढे. "अप्पा, तुमचं घड्याळ पुढं हाय." सांबप्पांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, भोंग्याच्या दांड्यावरचा हातही काढला नाही. "ठाऊक हाय." "मग?" "आता बारा वर्सं झाली. सगळं गाव ह्याच टायमावर चालायलंय. जो टाइम सगळे मानतेत, त्योच खरा. कुनाला बोलू नको." तो बोलला नाही. त्याच वर्षी दारावरच्या पहारेकऱ्याने माणिकराव नावाच्या हमालाला तीन वेळा उशिरा आला म्हणून परत पाठवलं होतं. माणिकराव दर वेळी सांगायचा की मी वेळेवर घरनं निघालो, स्टेशनवरचं घड्याळ बघून आलो, आणि लोक त्याला हसायचे. सांबप्पाही हसायचे. पोराने ते बघितलं होतं. सात मिनिटांचं ते हसू त्याने तीस-पस्तीस वर्षं पोटात ठेवलं, आणि आज जिन्यात बायकोसमोर उभं असताना त्याला वाटलं, आपण बापाच्या पुढे गेलो. त्यांनी सात मिनिटं खाल्ली, आपण साडेपाच तास.

शनिवारी सकाळी पूजेला बसला. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन तो रोज दहा मिनिटं नजर स्थिर करी. त्याच्या आईची, शांतम्माची, शिकवण होती ती. आज ती ठरेना. मग तो तसाच उठला, आदल्या दिवशी लिहिलेलं पत्र घेतलं, आणि दहाला कॉलेज उघडताच आवक खिडकीवर दिलं. कारकुनाने न वाचताच शिक्का मारला आणि तारखेखाली वेळ लिहिली, दहा वाजून पाच. राजेश्वर त्या आकड्यांकडे पाहत राहिला. "सर, अजून काही?" कारकुनाने विचारलं. हा त्या तिघांपैकीच एक होता. "त्या दिवशी सहा वीसला तुम्ही इथंच होता ना?" राजेश्वरने विचारलं. कारकुनाने खिडकीवरचं रजिस्टर जरा सरळ केलं. "सर, तुमचाच कागद होता की," तो म्हणाला. "आमी अडाणी मानसं. आमाला वाटलं, आमचंच काई चुकायलंय." हे तो खरं बोलला की चतुराईने बोलला, ते राजेश्वरला कळलं नाही. कळून उपयोगही नव्हता. कसंही असलं तरी त्याच्या आकड्याने तीन माणसांच्या डोळ्यांनी पाहिलेलं पुसून टाकलं होतं.

बोरीकडची एसटी झरीपर्यंत भरलेली होती, मग मोकळी झाली. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या आणि मधूनमधून वेचणी झालेला कापूस, काड्यांना चिकटून राहिलेला. तो मनात वाक्यं जुळवत होता. जुळलेलं प्रत्येक वाक्य त्याच्या स्वतःच्या बाजूचं निघत होतं. यंत्राच्या घड्याळाच्या मांडणीमुळे. अनवधानाने. तांत्रिक कारणाने. त्याला वाटलं, आपल्याला शिक्षा हवी आहे असंही नाही. आपल्याला फक्त कुणीतरी, असू द्या सर, असं म्हणायला हवंय. ही लाज त्याला आधीच्या लाजेपेक्षा मोठी वाटली. खिशातल्या पत्राच्या प्रतीला घाम लागून ती मऊ पडली होती. एकदा त्याच्या मनात आलं, बोरीला उतरूच नये, तसंच जिंतूरपर्यंत जावं, चहा प्यावा, आणि परत फिरावं. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा तो दारात उभा होता. कसा उठला ते त्याला कळलं नाही.

घर विचारावं लागलं. दोघांनी विचारलं, "कंची सत्यशीला?" आणि तिसऱ्याने विचारलं, "ती कालेजवाली?" आणि हसला. म्हणजे गाव विसरलं नव्हतं. पत्र्याचं घर, पुढे सारवलेलं अंगण, अंगणात एक बाई सुपात तूर पाखडत बसलेली. तिची आई, दगडाबाई. सत्यशीला आत शिलाईच्या मशीनवर होती. त्याला पाहून तिचे पाय थांबले आणि मशीनही थांबलं. ती वाळली होती. तिने त्याला बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो उभ्यानेच बोलला. बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. तो म्हणाला, वेळ चुकली होती. माझी चूक. फाइल सहा वीसलाच बदलली होती. तू म्हणत होतीस तेच खरं होतं. आणि मी तेव्हा ते पाहिलंही होतं, मी माझंच खरं मानलं. सत्यशीला मशीनवरच्या कापडाची शिवण दोन बोटांत धरून ऐकत होती. "मला हे कामून सांगायलाव सर?" ती म्हणाली. "मला ठाऊकच हाय. मी तिथंच व्हते ना." मग मानेने अंगणाकडे दाखवलं. "आईला सांगा."

तो अंगणात आला. दगडाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्याने पुन्हा सांगितलं. सेकंद, यंत्र, लंडनजवळचं कुठलं तरी गाव, हे सगळं सांगताना त्याचं त्यालाच वेड्यासारखं वाटत होतं. ती सगळं ऐकून घेत होती. शेवटी तिने हात वर करून त्याला थांबवलं. "एकच सांगा साहेब. त्या रातीला माजी पोर तिथं व्हती का न्हवती?" "नव्हती." "न्हवती." ती पुटपुटली. पायरीजवळ भिंतीला एक गुंडाळलेलं अंथरूण टेकवून ठेवलेलं होतं. तिची नजर त्याच्यावर गेली, मग त्याचीही. "दोन वर्सं झाली," ती म्हणाली, "उंबऱ्यात आडवी निजते मी. भाईर जाईल म्हनून." एवढं बोलून ती सुपातल्या तुरीवरून नुसताच हात फिरवत राहिली. "आन् हे. ह्ये तर तिच्या हातचं पानी पीत न्हवते. शेवटच्या दिवशी घसा कोरडा पडला, तिनं वाटी नेली, तर मान फिरीवली." राजेश्वरला हे ठाऊक नव्हतं. योगीराज गेल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. स्टाफरूमपर्यंत तेवढं पोचलं नव्हतं. "कधी?" त्याने विचारलं, आणि विचारताच त्याला स्वतःची जीभ उपटावी वाटली, आता कसला कधी विचारतोस म्हणून. दगडाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली. "या," म्हणाली. "मला सांगून काय. त्यांना सांगा."

आत भिंतीवर फोटो होता. तोच तो उंच माणूस, डोक्याला पटका, फोटोखाली हळदीकुंकवाची बोटं. राजेश्वर त्याच्यासमोर उभा राहिला. एका बाजूला दगडाबाई, पलीकडे मशीनपाशी पोरगी. त्याने दोन्ही हात जोडले, तेवढंच त्याला सुचलं. मग ओठातल्या ओठात म्हणाला, "ती रात्री तिथं नव्हती." अंगणात एक कोंबडी सुपाशी आली, तिला कुणी हाकललं नाही.

"सर," सत्यशीला मागून म्हणाली. "मोठ्यानं बोला. बाबाला कमी ऐकू यायचं."

त्याने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला. "ती रात्री तिथं नव्हती! संध्याकाळी सहा वीस! सगळ्यांसमोर!" शेजारच्या घरातला उखळाचा आवाज बंद पडला. गल्लीतून जाणारी दोन माणसं दाराशी थांबली, त्यातला एक मघाशी हसणारा होता. राजेश्वरने त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. तो फोटोतल्या उजव्या हाताकडे पाहत होता, तो हात कानामागे गेला नव्हता, गुडघ्यावर होता तसाच होता, आणि तो पुन्हा ओरडला, आणि पुन्हा. दगडाबाईंनी शेवटी त्याच्या दंडाला धरलं. "बास करा आता," ती म्हणाली. "न्हाई ऐकू जायचं."